मावशीची मान

जळालेल्या पंख्यांचं वाइंडिंग करणं हा माझ्या मावशीचा धंदा. तांब्याच्या तारेतून वीज वाहिली की त्या तारेचं लोहचुंबक होतं, हे ती गिऱ्हाइकाला ऐकायचं असो नसो, सांगतेच. "पण एका वेढ्यात दम नसतो बाबा! वेढ्यावर वेढे हवेत, तेही मोजून. कमी पडले तर तार जळते, जास्त झाले तर वीज अडते आणि पंखा रेंगाळतो."

म्हणून वेढे घालताना तिच्याशी कुणी बोलायचं नाही. ती मनात मोजते आणि दर वेढ्याला मान हलवते.

लग्नाआधी काका तिच्याकडे तार विकायला यायचे. एकदा धीर करून त्यांनी लग्नाचं विचारलं, तेही नेमकं ती वेढे घालत असताना. मावशीची मान हलली. पुन्हा हलली. काका आनंदाच्या भरात तारेचं रीळ तिथंच विसरून घरी पळाले.

"बिचारी मोजत होती आणि मी गळ्यात पडलो," हे काका आजही आल्यागेल्याला ऐकवतात.

परवा त्यांच्या खोलीतल्या पंख्यावर मी वैतागले. "मावशी, जगाचे पंखे पळवतेस आणि घरचा हा असा?"

"तुझ्या काकांनी लग्नाचं विचारलं ना, त्याच दिवशीचा आहे तो. वेढे जास्त पडलेत. गिऱ्हाइकाला दुसरा दिला, हा ठेवून घेतला."

"पण तू तर मोजत होतीस ना?"

"कसलं मोजतेय! तुझ्या काकांनी तोंड उघडलं तिथंच मोजणं संपलं. हात आपले फिरत राहिले." मावशी खुदकन हसली. "मान मात्र मी मुद्दाम हलवत होते."