पुलापलीकडचं चॉकलेट

माझं बालपण पत्रकांवर गेलं. आमच्या पवनारच्या घरात वांग्या-टोमॅटोच्या क्रेटशेजारी पत्रकांचे गठ्ठे असत. ‘दारू हटवा, घर वाचवा.’ उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, नंतर निबंध, नंतर माझी स्वतःची पत्रकं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि ती कागदावर राहू नये म्हणून माझी आई गावातल्या बायांना घेऊन नाल्याकाठच्या भट्ट्यांवर जायची. मोहाचे ड्रम उलटे करायची. नवऱ्याच्या दारूपायी मार खाणाऱ्या बायांचे चेहरे मी पाहिले आहेत, म्हणून बंदीच्या बाजूने मी आजही कुणाशीही भांडायला तयार असते. ‘थोडी घेतली तर काय होतं’ असं म्हणणाऱ्या माणसाला ती थोडी कुणाच्या पाठीवर उतरते ते विचारा.

आईचं नाक गावभर प्रसिद्ध आहे. आमच्याकडे कुणी कसलाही पेला पुढे केला की ती आधी हुंगते, मग पिते. ताकसुद्धा.

अशा घरात माझी वहिनी आली, नाशिकची. तिच्या वडिलांची छोटी बेकरी होती. लग्नानंतर वर्षभरात ते गेले. बेकरी विकली, आणि माहेरचं घर आवरून परत आली त्या संध्याकाळी वहिनीने बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेली रमची बाटली काढली आणि सरळ आईच्या हातात दिली. बाटली अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली होती.

“आई, लपवून ठेवायची नव्हती म्हणून देतेय,” ती म्हणाली. “बाबा नाताळच्या केकसाठी आणायचे. थंडीत दुकान बंद केलं की आम्हा दोघांसाठी चॉकलेट उकळायचे, त्यात चमचाभर घालायचे. ही त्यांनी उघडलेली शेवटची. दुसरी आणली तर ती त्यांची नसेल.”

दादा भिंतीकडे बघत राहिला. मी म्हणाले, “ओतून टाका.” माझ्या दृष्टीने प्रश्न साधा होता. आमच्या मोरीत आजवर ज्या बाटल्या रिकाम्या झाल्या त्याही कुणाच्या तरी बापाच्याच होत्या.

आईने बूच काढून हुंगलं. मग वहिनीकडे पाहिलं. वहिनी रडत नव्हती, विनवत नव्हती. ती फक्त बाटलीकडे बघत होती, मोरीत जाणार हे धरूनच.

“हे या घरात नाई राहणार,” आई म्हणाली. “अन् मोरीतही नाई जाणार. उद्या मावशीकडं जाऊ.”

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, वर्धा नदीच्या पलीकडे दिलेली. नदीवरचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो, तिथे बंदी नाही. इकडचे पिणारे त्याच पुलावरून जातात, आणि त्याच रस्त्यावर उभं राहून आईने कित्येक गाड्या अडवल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. पुलापर्यंतचा रस्ता आमच्याच जिल्ह्यातला, म्हणजे बाटली नेणं हाच गुन्हा. दादा म्हणाला, “डिक्कीत ठेवू का?”

“माह्या मांडीवर दे. पकडलं तर मी सांगन, माही हाय.”

देवळीच्या पुढे पोलीस उभेच होते. हवालदार काचेशी वाकला, आईला पाहून हसला. “काकू, तुम्ही होय! जा जा.”

गाडी पुढे गेली आणि आई भडकली. “तपासलं काऊन नाई त्यानं? ओळखीचं तोंड दिसलं की सोडून देते! अशानंच येते दारू!”

“आई, परत वळवू का?” दादाने विचारलं. वहिनीला हसू फुटलं. नाशिकहून आल्यापासून पहिल्यांदा.

मावशीच्या अंगणात ऊन उतरत होतं आणि गारवा चढत होता. आईने पिशवीतून बाटली काढली तशी मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “काय वं बाई, जनमभर लोकाईच्या फोडल्या, अन् आता माह्या घरी आणून ठेवतं का?”

“तुह्या घरी बंदी नाई म्हणून आणली. जास्त बोलू नको, दूध तापव.”

मग वहिनीने चूल ताब्यात घेतली. दुधात दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि गूळ नव्हे, साखर. गुळाने दूध फाटेल म्हणून तिने मावशीचा हात अडवला. बेकरीतून आणलेला कोको आधी थोड्या कोमट दुधात कालवून घेतला, गुठळी राहू नये म्हणून. मग काळ्या चॉकलेटची वडी चुरून टाकली, जायफळ किसलं, आणि शेवटी भिवापुरी तिखटाची जेमतेम चिमूट. ते दाट होऊन पळीला धरू लागलं तेव्हा भांडं उतरवलं. “उकळत्यात रम घालायची नाही, बाबा म्हणायचे, वास उडून जातो,” असं म्हणत तिने दोन पेल्यांत चमचा-चमचा घातली, स्वतःच्या आणि मावशीच्या. दादा गाडी चालवणार होता, त्याला आईने बाटलीकडे नुसतं बघूही दिलं नाही. त्याने, आईने आणि मी बिनरमचं घेतलं. घशात आधी गोड, मग मागून तिखटाची ऊब. आजवर इतकं चांगलं काही प्यायले नव्हते.

आईने हात पुढे करून वहिनीचा पेला मागितला. हुंगला. बराच वेळ हुंगला. आणि परत देत म्हणाली, “असा वास येत असंल बेकरीत.”

“हो,” वहिनी म्हणाली. त्यानंतर ती रडली, आणि मावशीने पदराने तिचं तोंड पुसलं.

बाटली मावशीच्या फडताळात राहिली. तेव्हापासून दर हिवाळ्यात एक संध्याकाळ आम्ही पूल ओलांडतो. माझी पत्रकं बदललेली नाहीत, त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण तत्त्व न सोडता माणसाला कसं सांभाळायचं, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. ते मी आईकडून घेतलं, आणि बाटली न लपवणाऱ्या वहिनीकडून.

यंदा गेलो तेव्हा बाटलीच्या तळाशी बोटभर उरली होती. मावशी म्हणाली, “आण, मी टाकतो,” आणि चमचा जरासा हिंदकळला.

“अवं, सांडतं काय!” जिने ड्रमच्या ड्रम नाल्यात ओतले ती माझी आई ओरडली. तिने बाटली काढून घेतली, वहिनीच्या हातात दिली. “तूच टाक पोरी. कमी टाक. पुढच्या हिवाळ्यालेही पुरली पायजे.”