ग्लासाखालची ओळ

पाण्याचा ग्लास तो टेबलावर वाटेल तिथे ठेवत नसे.

बोईसर स्टेशनाबाहेर, तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते हॉटेल होतं. टेबलांवर काच आणि काचेखाली छापील मेनू. आपण मेनूवरून बोट फिरवायला लागलो की तो वेटर शांतपणे येई, स्टीलचा ग्लास एखाद्या पदार्थाच्या नावावर नेमका टेकवी आणि म्हणे, "आज ते नको."

ग्लास सरकवला, तर उचलून पुन्हा तिथेच. कारण विचारलं तर आवाज आणखी खाली आणून, "आज ते नको. दुसरं सांगा."

मुलांनो, तुम्ही जेवून उठता उठता फोनवर हॉटेलला तारे देता, हे मागच्या वेळी तुम्हीच मला दाखवलंत. ऐंशीच्या सुमाराला तारे नव्हते, पण मतं होती आणि ती तोंडावर दिली जात. कारखान्यांत काम करणारी, एकटी राहणारी तरुण मंडळी या वेटरवर खूश होती. तो सांगेल ते खायचं आणि निवांत झोपायचं. उलट एका ट्रक ड्रायव्हरने तोच ग्लास त्याच्या पायांवर रिकामा केलेला मी पाहिला आहे.

"खाना मेरे को है कि तेरे को?" ड्रायव्हर ओरडत होता.

याने आधी टेबल पुसलं, मग स्वतःचे पाय. ग्लास भरून आणला आणि त्याच नावावर ठेवला.

तक्रारीला जागा होती, हे मान्य करायला हवं. चहा गार येई. दोन टेबलांच्या ऑर्डरी तो एकमेकांत मिसळी. भाजीला खाण्याच्या सोड्याचा वास येई. पण ताजी मासळी आली असली, तर तिथला तळलेला बोंबील असा असे की घरी आल्यावर तुमचे आजोबा दोन दिवस माझ्या स्वयंपाकाला चांगलं म्हणत नसत.

तो मूळचा जवळच्याच, समुद्रकाठच्या नवापूरचा, होडीवरचा माणूस. दोराच्या फासात उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि जाळं ओढणं संपलं. तेव्हा हॉटेलमालकाने बोलावून त्याच्या हातात फडकं दिलं. उरलेली बोटं पाण्यात बुडवून तो एकदम तीन ग्लास आणी. मी दोनदा बोलले, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

एका रविवारी आजोबांची धाकटी बहीण आणि तिचे यजमान पुण्याहून आले. खास मासे खायला आले होते, म्हणून आम्ही त्यांना तिथे नेलं. मी मेनूवर 'कोळंबी भात' या ओळीवर बोट ठेवलं. बोटाशेजारी ग्लास आला.

"आज ते नको, बाई."

"चार कोळंबी भात," मी म्हणाले आणि ग्लास बाजूला केला.

त्याने तो परत ठेवला. "वरणभात चांगला हाय. आमलेट करून देतो."

"का नको, ते सांगाल का?"

त्याने फडक्याने ग्लासाभोवतीची काच पुसली. नणंदेचे यजमान हसायला लागले. "वहिनी, तुमच्या बोईसरात काय खायचं ते वेटर ठरवतो होय?"

माझे कान तापले. शाळेत चाळीस मुलं माझ्या एका नजरेने गप्प बसत, आणि इथे हा माणूस पाहुण्यांदेखत माझं ऐकत नव्हता. मी ऑर्डर पुन्हा दिली, एकेक शब्द वेगळा करून. तो गेला. अर्ध्या तासाने आला तो चार ताटं घेऊन. वरण, भात, आमलेट. आम्ही तेच जेवलो. पलीकडच्या टेबलावर दुसरा वेटर वाफाळता कोळंबी भात वाढत होता.

त्याच संध्याकाळी मी लेटरपॅड काढलं. मला नीटनेटकं लिहायची सवय. मुद्द्यांना आकडे घातले. एक, मागितलेला पदार्थ दिला नाही. दोन, कारण सांगितलं नाही. तीन, 'सदर इसम हट्टी व उद्धट असून ग्राहकांच्या सेवेस अपात्र आहे.' तिसऱ्या मुद्द्यावर मी स्वतःच खूश होते. सोमवारी शाळेला जाताना ते पत्र मी मालकाच्या गल्ल्यावर देऊन आले.

बुधवारी शाळेतले कारकून कामावर आले. दोन दिवस ते दवाखान्यात सलाईनवर होते. चेहरा पिवळा, आवाज बसलेला.

"रविवारी स्टेशनाबाहेर कोळंबी भात खाल्ला, बाई," ते म्हणाले. "शनिवारी दिवसभर वीज नव्हती ना? माल तसाच राहिला असणार."

पुढचा तास मी कसा घेतला, आठवत नाही. दुपारी शाळा सुटताच तडक हॉटेल गाठलं. जेवणाची वेळ होती, सगळी टेबलं भरलेली. माझं पत्र गल्ल्यावर मालकासमोरच होतं.

"बरं झालं तुमी लिहून दिलंत," मालक म्हणाला. "तोंडी सगळेच बोलतात. शनिवारपर्यंत ठेवतो त्याला, मग घरी."

"ते पत्र मला परत हवं आहे."

"का?" त्याचा आवाज चढला. "तुमीच लिहिलंय ना, अपात्र म्हणून?"

जवळची दोनचार माणसं घास हातात धरून बघायला लागली. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. रविवारची तुमची कोळंबी नासकी होती, आणि एवढ्या हॉटेलात एकट्या या माणसाने आम्हाला ती खाऊ दिली नाही. मी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलणार होते. तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. तीन बोटांचा. पाण्याचा ग्लास माझ्या पत्रावर टेकला, बरोबर तिसऱ्या मुद्द्यावर.

"उन्हातनं आल्यात, बाई. पाणी घ्या." आणि मग मला एकटीलाच ऐकू येईल असं, "ते नको."

मी त्याच्याकडे पाहिलं. नोकरी त्याची जात होती, आणि घाबरला होता तो हॉटेलसाठी. मी पाणी प्यायले.

"चूक माझी होती," मी मालकाला म्हणाले. "पाहुण्यांपुढे मला राग आला, म्हणून तसं लिहिलं."

"तुमी शिकवणारी माणसं. परवा येक लिहिता, आज दुसरंच बोलता. मी कुठलं खरं धरू?"

"आजचं."

"मग तेही लिहून द्या."

मी गल्ल्यावर उभ्याने लिहिलं. या वेळी आकडे घातले नाहीत. मालकाने दोन्ही कागद खणात टाकले आणि म्हणाला, "बघू."

बाहेर पडले तर तो वेटर माझ्यामागे पायरीपर्यंत आला.

"मला हळूच तरी सांगायचं होतंत," मी म्हणाले.

"कोणाकोणाला सांगू? येकानं ऐकला का बाजार ऐकतो. हात गेला तवा या मालकानं मला उभा केला. त्याचा हाटेल मी बंद पाडू? पण तुमाला खाऊ तरी कसा देऊ?"

"आमच्या कारकुनांनी खाल्लं."

त्याने मान खाली घातली. "त्या टेबलावर मी नवतो, बाई." फडक्याने तो हात पुसत राहिला. हात कोरडेच होते.

शनिवार गेला. सोमवारी शाळेला जाताना मी रस्त्यावरूनच आत डोकावले. तो टेबल पुसत होता. दिवसभर मी मुलांवर एकदाही रागावले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही जेवायला गेलो. टेबलांच्या काचांखालचे मेनू काढलेले होते. भिंतीवर, पंख्याच्याही वर, एक मोठा रंगवलेला फळा लावला होता आणि सगळे पदार्थ त्याच्यावर चढले होते. मालक गल्ल्यावरून हसला.

"आता कुणाची तक्रार येणार नाय, बाई."

ग्लासाचा अर्थ त्यालाही ठाऊक होता. बहुधा आम्हा सगळ्यांच्या आधीपासून.

वेटर आमच्या टेबलाशी आला. हातातला ग्लास काचेवर जरासा फिरला, ठेवायला जागा शोधत असल्यासारखा, आणि मधोमध टेकला. त्याने वर फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय आणू, बाई?"

इतक्या वर्षांत हे त्याने मला पहिल्यांदाच विचारलं.

दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही परत आलो, तेव्हा तो तिथे नव्हता. मालकाने काढलं नव्हतं, तो आपणहूनच गेला होता. कोणी म्हणे नवापूरला घरीच आहे, कोणी म्हणे वाणगावला एका खानावळीत लागला. वाणगावला मी एकदा उतरून दोन खानावळी पाहिल्या. नव्हता.

त्याच्या जागी आलेला वेटर चटपटीत होता. चहा गरम आणायचा, ऑर्डर चुकवायचा नाही, ग्लास काठाला धरायचा. सगळ्यांचं त्याच्याविषयी चांगलं मत होतं.

"कोळंबी ताजी आहे का?" मी त्याला विचारलं.

"एकदम फ्रेश, मॅडम."

मी समोरचा ग्लास उचलला आणि खाली पाहिलं. काचेखाली नुसतं लाकूड होतं.

मी वरणभात मागवला.