देवाच्या डोहातले मासे वर आले नाहीत

मंडळी, घाईत टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या.

आज सकाळी घोड नदीवरच्या देवाच्या डोहावर गेले होते. इथे कुणी जाळं टाकत नाही, म्हणून दुर्मिळ झालेला महाशीर मासा अजून टिकलाय. मी त्याचाच अभ्यास करते. फुटाणे टाकले की मासे झुंडीने वर येतात. आज आले नाहीत.

मग एक मोठा मासा वर आला. फुटाण्याला तोंड न लावता नुसता आ वासत राहिला आणि आडवा झाला. पाण्याला फवारणीच्या औषधाचा वास येत होता.

शेजारी गावातल्या हौसामावशी हंडा भरत होत्या. म्हटलं, "मावशी, हे पाणी पिऊ नका."

"मासं खेळत्यात तवर पाणी चांगलं," म्हणता म्हणता त्यांना तो मासा दिसला. त्यांनी हंडा तिथंच ओतला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, पहाटं अंधारात नेलेलं पाणी नातवंडं पिऊन शाळंत गेली."

आम्ही दोघी शाळेकडे पळालो. मुलं आत्ता दवाखान्यात आहेत, बरी दिसतायत. डॉक्टर अजून घरी सोडत नाहीत.

डोहाच्या खाली नदीकाठी तुमचं कुणी राहत असेल, तर हे वाचायचं थांबवून त्यांना फोन कराल का?