शेवटी नव्याण्णव

मानवतच्या शिवमूर्ती गुरुजींनी हयातभर पोरांना गणित शिकवलं आणि उरलेल्या वेळात बायकोच्या, म्हणजे चन्नबसम्माच्या, चुका काढल्या. भाजीत मीठ जास्त, कडी नीट लावलेली नाही, बेरीज कच्ची. "बरोबर" हा शब्द त्यांनी तिच्यासाठी कधी खर्चला नाही.

त्यांचा खरा जीव एका आकड्यावर होता: १,४२,८५७. दोननं गुणा, २,८५,७१४. तीननं गुणा, ४,२८,५७१. सहापर्यंत तेच सहा अंक, त्याच क्रमानं, फक्त सुरुवात निराळी. रिंगण धरून बसलेल्या पोरांनी जागा सरकवाव्यात तसे. सातनं गुणलं की मात्र सगळे नऊच. ऐकून ऐकून चन्नबसम्मालाही ते पाठ झालं होतं.

म्हातारपणी गुरुजींचं डोकं दगा देऊ लागलं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग लेकीचं. लेक महेश्वरी लातूरला राहायची. ती फोनवर म्हणाली, "आई, आता दोघं हिकडंच या. अप्पाला सांभाळणं तुझ्या एकटीच्यानं व्हायचं न्हाई."

चन्नबसम्माला घर सोडायचं नव्हतं. तिनं अट घातली, "त्यांना त्यांचा आकडा आठवतोय तवर आमी हितंच. विसरले की मीच फोन करते."

रोज सकाळी पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून गुरुजी चहाला बसले की ती विचारायची, "आवं, तीननं गुणलं तर?" गुरुजी धडाधड सांगायचे. उन्हाळा असा निभावला. मग एके दिवशी ते कपाकडं बघत गप्प राहिले. घाईघाईत तिनंच उत्तर दिलं आणि तेही चुकलं, "चार लाख अठ्ठावीस हजार पाचशे सतरा."

गुरुजींनी मान वर केली. "चूक. पाचशे एकाहत्तर. लक्ष कुठं असतं तुझं?"

तिला इतका आनंद झाला की तिनं चहात दुसऱ्यांदा साखर घातली आणि त्यावरूनही बोलणी खाल्ली. तेव्हापासून ती रोज मुद्दाम चुकू लागली. आकडा आठवणं वेगळं आणि बायकोची चूक पकडणं वेगळं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. अटीत ती सरळसरळ लबाडी करत होती. पण लेकीला कुठं कळणार होतं?

थंडी पडल्यावर एका सकाळी ती म्हणाली, "सातनं गुणलं की नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे अठ्ठ्याण्णव."

गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं. कपाळावर आठी नव्हती. लय मायेनं ते म्हणाले, "बरोबर."

उभ्या संसारात हा शब्द ऐकायला तिचे कान आसुसले होते. आता तो आला आणि तिला रडू आवरेना.

"नव्याण्णव," पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "शेवटी नव्याण्णव, आवं."

गुरुजी चहा पीत राहिले. तिनं उठून महेश्वरीला फोन लावला.