चित्रात नसलेली सोंड

पेंटरच्या चित्रात गणपती मी घातला. ब्रशने नव्हे, बोटाने. ही गोष्ट मी बरीच वर्षं गंमत म्हणून सांगत आलो. चहाच्या टपरीवर लोक हसायचे, मीही हसायचो. ती गंमत नव्हती.

"हे काय काढलंयस?" असं कुणी विचारलं की तो आधी हाताचे तळवे पँटच्या मागच्या खिशांवर पुसायचा. मग वाट करून दिल्यासारखा चित्रासमोरून बाजूला व्हायचा आणि म्हणायचा, "काय नाय ता. नुसता बघ."

मुलुंडला लोखंडी कपाटांच्या एका कारखान्यात आम्ही कामाला होतो. मी स्टोअर सांभाळायचो, तो कपाटांना स्प्रे मारायचा. गिरण्यांचा संप चिघळला होता त्या सुमारास तो लागला. मालवणकडचा. त्याला सगळे पेंटर म्हणत. तो मला 'स्टोअर' अशीच हाक मारी. स्प्रे मारताना कपाटामागे एक मोठा पुठ्ठा उभा करतात, उडालेला रंग भिंतीवर जाऊ नये म्हणून. त्या पुठ्ठ्यावर राखाडी, शाळेच्या बाकांचा हिरवा, इस्पितळातल्या खाटांचा पांढरा असे थर चढत राहतात. एकदा तो जुना पुठ्ठा बदलायला काढला, तर पेंटर जेवणाचा डबा अर्धा टाकून त्याच्यासमोर उकिडवा बसलेला.

"स्टोअर, पुठ्ठो टाकू नको हां."

तिथून सुरुवात झाली. शिकवलं कुणीच नाही. डब्यांच्या तळाला उरलेला रंग तो घरी हार्डबोर्डवर चढवायचा, थरावर थर. वाळला की पाणी लावून पॉलिश पेपरने घासायचा. घासता घासता खालचा एखादा रंग भलत्याच जागी वर यायचा. मग हा थांबायचा, मान तिरकी करून बघत राहायचा. कुठे थांबायचं, एवढ्यातच त्याची सगळी कला होती. घासताना मासा, होडी, माणसाचं तोंड असं काही दिसायला लागलं, तर तेवढी जागा तो पार घासून टाकी. "वळखीचा इला की गेला," म्हणायचा.

कांजूरमार्गच्या त्याच्या खोलीत बोर्ड खाटेखाली, मोरीच्या भिंतीला, पाण्याच्या पिंपामागे असत. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "भावजी, ह्यांका भिंतीक रंग देवक वेळ नाय, ह्या फळकुटांका देतत." शेजारचा एकजण म्हणाला, "आमच्या बारक्याने काल हेच ओकलं." पेंटर सगळ्यांत मोठ्याने हसला. पण त्याने तो बोर्ड उलटा फिरवून ठेवला, हे मी पाहिलं होतं. तुम्हीही पाहिलं असतं तर तुम्हाला कळलं असतं की त्याला एकच हवं होतं. कुणीतरी उभं राहावं आणि काही न शोधता बघावं.

प्रदर्शनाची खटपट माझी. जवळच्या वाचनालयाचा हॉल मिळवला. पेंटर इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभा. लोक वर्तमानपत्रं वाचायला येत, एक नजर टाकत, निघून जात. त्याचा चेहरा बघवेना. शेवटच्या संध्याकाळी आमची कपाटं विकणारे घाटकोपरचे शेठ बायकोला घेऊन आले. मीच गळ घातली होती. सगळ्यांत मोठ्या, हिरव्या चित्रासमोर दोघं थांबली. मधून एक राखाडी पट्टा वळून खाली आला होता.

"अच्छा आहे," शेठ म्हणाले. "पण यात आहे काय?"

पेंटरने तळवे पँटला पुसले. त्याने तोंड उघडायच्या आत मी पुढे झालो. "गणपती आहे, शेठ. ही बघा सोंड. हा कान."

शेठाणींनी चपला काढल्या.

त्यांनी ते चित्र घेतलं. बातमी बाहेर गेली आणि तासाभरात हॉलच्या दाराशी चपलांचा ढीग लागला. कुणीतरी चित्राखाली जास्वंद ठेवली. मला भरून आलं होतं. गर्दी ओसरल्यावर पेंटर माझ्याजवळ आला.

"खंय आसा सोंड? दाखव."

मी हसत हसत पुन्हा बोट फिरवलं. तो बराच वेळ बघत राहिला.

"आसा रे," तो म्हणाला. "खराच आसा."

त्यानंतर त्याचं एकही चित्र पुरं झालं नाही. लोक 'लपलेला गणपती' मागायला यायचे, त्यांना तो हात जोडून परत पाठवी. पण जो बोर्ड घासायला घेई त्यात कुठूनतरी सोंड वर येई. तो ती घासायचा, मग दुसरीकडे यायची, मग तीही. शेवटी उघडा तपकिरी हार्डबोर्ड उरे. मी एकदा म्हणालो, "अरे, येऊ दे की. देवच आहे."

त्याने तोंडावरचा रुमाल खाली ओढला. स्प्रे मारताना तो एवढाच एक रुमाल बांधी. "देवाचा काय नाय रे. तू बोट दाखवलंस ना, ता अजून थंयच आसा. माका आता दुसरा कायच दिसणा नाय."

तेव्हा माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "तू पण ना यार!" आणि चहा मागवला.

पुढे त्याला खोकला सुरू झाला. रंग छातीत बसला होता. तो गेला तेव्हा वहिनींनी पिंपामागचे बोर्ड दाखवले. सगळे कोरे, तपकिरी. मी ते परत पिंपामागे लावून ठेवले.

काही दिवसांनी मी घाटकोपरला शेठांकडे गेलो. चित्र देवघरात होतं. वर हार, राखाडी वळणावर कुंकवाचा जाड टिळा. शेठाणी एकट्याच होत्या. मी म्हणालो, "बेन, यात गणपती नाही. त्या दिवशी मी खोटं सांगितलं. ज्याने हे केलं तो गेला."

त्या रागावल्या नाहीत. चित्राकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला नाही दिसत, भाई? मला तर रोज दिसतो."

मग माफी मागायला माझ्यापुढे दुसरं कुणी उरलं नाही. मी चित्राकडे वळलो. सोंड सोडून काही दिसतंय का ते बघायचा प्रयत्न केला. नाही जमलं. हात आपोआप जोडले गेले.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "नुसतं बघायचं होतं रे. चुकलं."

शेठाणींनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली.