एका गोधडीवर दोघी जावा

एकोणीसशे सत्तरच्या पुढच्या वर्षांत, धाकटी जाऊ घरात येईपर्यंत, आमच्या गावात लेकराची गोधडी शिवावी तर मीच, असं सगळ्या बायका धरून चालत. गाव शिरड शहापूरच्या जवळचं, लहानसं. कुणाच्या सुनेला दिवस गेले की सातव्या महिन्यात कुणीतरी मऊ झालेलं सुती लुगडं काखेत घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसायचंच. मी लुगडं उजेडाला धरायची, विरलेला भाग फाडून टाकायची, उरलेलं चार पदरी अंथरायची. चारी कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा, काय सापडेल ते ठेवायचं आणि काठापासून आत-आत शिवत यायचं. माझा टाका तांदळाच्या कणीएवढा पडे. धुतल्यावर गोधडी आखडत नसे. दुपारी भांडी झाली की मी सुई घेऊन बसायची, आणि तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नसे. हे मला फार प्रिय होतं.

धाकट्या दिराचं लग्न झालं आणि वसमतची मुलगी घरात आली. तिचा बाप तिथल्या बाजारात शिलाई मशीनवर बसायचा. तिच्या पेटीत दोन पातळांच्या खाली कपड्यांच्या कातरणांचं गाठोडं होतं: खणाचे तुकडे, पॉपलीन, मखमलीच्या पट्ट्या, आमच्याकडे नव्यानंच आलेलं टेरिलीन. सासूबाईंना वाटलं, चिंध्या कंदील पुसायला आणल्यात. त्यांनी एक उचललीसुद्धा. धाकटीनं ती त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली आणि बदल्यात आपलं जुनं पोलकं दिलं.

महिन्याभरात ती हातभर लांबीच्या एका तुकड्यावर काहीतरी जोडताना दिसली.

"काय करून राहिलीस ग?" मी विचारलं.

"लाल गाडी. वसमतहून परभणीला जाती ती."

"पांघरणार कोण?"

"कुणी न्हाई. भिंतीला लावायची, अक्का."

"भिंतीला थंडी वाजती का?"

"वाजत नसंल. पण उघडी काहून ठेवायची तिला?"

दिरानं ओसरीच्या भिंतीत खिळे ठोकले. लाल मखमलीची गाडी, टेरिलीनच्या चकचकीत खिडक्या, टपावर एक सायकल आडवी टाकलेली. आमच्या घरातल्यांनी माझ्या गोधड्या वर्षानुवर्षं अंगावर घेतल्या होत्या, त्यांकडे पाहिलं कुणीच नव्हतं. माझा नवरा रानातून आला, पाय धुवायचे सोडून त्या गाडीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ह्या मागच्या खिडकीत मी बसून राहिलो बघ." मी पाण्याची घागर जरा जोरात ठेवली. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

पुढे तिनं भेंडीचं झाड केलं, फुलासकट. मग पाऊस थांबल्यावर तारेवर बसलेल्या चिमण्या केल्या. लुगडं घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बायका आधी भिंत बघत, हसत, बोटं लावत, आणि मग लुगडं माझ्या पुढ्यात टाकत. म्हणजे दळण टाकावं तसं.

तिचा टाका वाईट होता, हे मला सांगितलंच पाहिजे. लांब, वाकडा, कोंबडी चिखलातून गेल्यासारखा. घरात कुणी नसताना मी ती गाडी उलटी करून पाहिली होती. मागे गाठी लोंबत होत्या. तेवढ्यावर माझे काही दिवस बरे गेले.

त्या हिवाळ्यात नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला, बारसं झालं, आणि बाजारच्या दिवशी तिला सासरी पोचवायचं ठरलं. बरोबर बाळंतविडा जायचा होता. झबली, कुंच्या, दुपटी, लेकराची गोधडी असं सगळं एका कापडात बांधून देतात, आणि सासरी गेल्यावर शेजारपाजारच्या बायकांसमोर तो सोडतात. एकेक वस्तू हातोहात फिरते. माहेर कसं आहे हे त्या बायका त्यावरून ठरवतात. मला त्या विड्यात माझी गोधडी हवी होती. आमच्या गावाबाहेर माझा टाका कुणी पाहिला नव्हता, आणि तो पाहायला दुसरी वाट नव्हती.

मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, विड्यातली गोधडी मी घेते शिवायला."

चुलीपाशी बसलेली धाकटी लगेच म्हणाली, "मी बी एक करते. ताईच्या लेकराला मोर."

सासूबाईंनी भाकरी थापायचं थांबवलं नाही. "दोन गोधड्या न्हाई जायच्या. दोन दिसल्या की तिकडच्या बाया म्हणतील, जावाजावांचं पटत न्हाई. एकच जाईल, दोघी मिळून करा. आन् मोर-बिर नको, लेकराला टोचतंय."

मोर नको म्हटल्यावर मी मनातून खूश झाले. नुसत्या टाक्याचं काम म्हणजे माझं काम.

सासूबाईंचंच एक जुनं निळं लुगडं अंथरलं. समोरासमोर बसलो. ज्या काठाला मी, त्याच्या समोरच्या काठाला ती. कोपऱ्यापाशी वळायचं आणि एकमेकींच्या मागून आत-आत यायचं. पहिल्या फेरीला तिचा टाका नेहमीसारखाच पडला. दुसऱ्या फेरीला ती माझ्या हाताकडे बघून घालायला लागली. आणि तो लहान पडायला लागला. मी माझा आणखी बारीक केला. तिनंही केला. मी दोरा ओढून घट्ट बसवला, तर तिकडूनही दोरा ओढल्याचा आवाज आला. एरवी ती शिवताना गुणगुणायची, ते बंद होतं. माझी मान दुखत होती तरी मी उठले नाही, कारण ती उठत नव्हती.

प्रत्येक फेरीनंतर कापडावरून तळहात फिरवून सैल भाग काठाकडे सारायचा असतो. ही गोष्ट मी झोपेतसुद्धा विसरणार नाही. त्या दुपारी मी एकदाही हात फिरवला नाही. माझं लक्ष तिच्या सुईवर होतं, तिचं माझ्या. काठ आवळत गेले आणि सैल कापड सगळं मध्ये येऊन बसलं. शेवटची फेरी आली तेव्हा गोधडी पुरीसारखी फुगलेली होती.

नणंद लेकराला घेऊन बघायला आली आणि तिला हसू आवरेना. "वैनी, आवं ही गोधडी हाय का बेंडकुळी?"

सासूबाईंनी फुगा बोटानं दाबला. तो एका बाजूला बसला, दुसऱ्या बाजूला उठला. "ह्याच्यावर लेकरू निजवायचं का घरंगळायचं?" त्या म्हणाल्या. "चांगल्या हाताच्या दोघी. एकीला दिली असती तर बराबर झाली असती."

एकीला म्हणजे कुणाला, हे त्या बोलल्या नाहीत.

"उसवते," मी म्हणाले. "सगळी उसवून परत घालते."

"उद्या गाडीत बसायचंय तिला," सासूबाई म्हणाल्या. "कवा घालशील?"

धाकटी गोधडी मांडीवर घेऊन तो फुगा चिमटीत धरून बघत होती. "उसवायला काहून पाहिजे? पोलक्याला छातीपाशी टक घेतात का न्हाई, तसा हितं घ्यायचा." असं म्हणून तिनं जास्तीचं कापड चिमटीत गोळा केलं, एका अंगाला दुमडलं, बोटानं दाबलं. गोधडी सपाट पडली. मला हे सुचलं नव्हतं. मला सुचणारही नव्हतं. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या बाईला ते सुचतं, एवढं मी स्वतःला समजावलं.

तिनं दुमड शिवून टाकली, पण ती शिवण भरलेल्या जखमेसारखी दिसत होती. तिनं गाठोड्यातून मऊ हिरव्या पॉपलीनचा तुकडा काढला, कात्रीनं एका दमात हळदीचं लांब पान कापलं आणि बरोबर त्या शिवणीवर बसवलं. पानाची शीर खालच्या दुमडीवर आली. पान जरा उचललेलं दिसायला लागलं, जसं वाऱ्यावर असतं. सासूबाईंनी हात लावून पाहिला, टोचत नव्हतं. त्यांनी गोधडी विड्यात घातली.

पुढच्या महिन्यात नणंदेचा नवरा काही कामानं आला. जेवताना तो सांगू लागला, "आमच्या आईनं ती गोधडी गल्लीभर फिरवली. ते हळदीचं पान कुणी लावलं, सगळ्या विचारत होत्या."

"धाकटीनं," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून पुढे म्हणाल्या, "शिवली दोघींनी. थोरलीचा टाका तर तुम्ही बघितलाच असंल."

"व्हय तर," तो म्हणाला आणि कालवणाची वाटी पुढे केली. "टाका बी चांगला हाय."

मी कालवण वाढलं.

त्याच्या बहिणीला दिवस गेले होते. तशीच एक गोधडी करून द्या, लुगडं आम्ही पाठवतो, असा त्याच्या आईचा निरोप होता. लुगडं आलं तेव्हा ते धाकटीच्या हातात दिलं गेलं. ती ते घेऊन माझ्यापाशी आली.

"अक्का, टाका तुमचाच पाहिजे. माझ्या टाक्यानं दोन धुण्यांत सुटंल सगळं."

खरंच सुटलं असतं. मी दोन दिवस लुगडं तसंच ठेवलं. वाटलं, सुटू दे. एकदा त्या गल्लीत सुटलेली गोधडी फिरू दे. पण माझा हात त्या लुगड्याला लागला होता, इतकं मऊ सूत त्या दिवसांत मिळत नव्हतं, आणि ते तिच्या कोंबडीच्या पायांखाली जाऊ द्यायला मन होईना.

"शिवते," मी म्हणाले. "पण एकटी शिवणार. मधली जागा मी सोडीन तेवढीच तुझी. तिच्या भायेर जायचं न्हाई."

"चालतंय की," ती म्हणाली.

मी बसले. दर फेरीला तळहात फिरवला. कोपरे गोल वळवले, त्यामुळे आत येता येता रांगाही गोल होत गेल्या. इतकं स्वच्छ काम मी त्याआधी केलं नव्हतं. आत-आत येत राहिले, थांबले नाही, आणि थांबले तेव्हा मध्ये माझ्या तळव्याएवढी जागा उरली होती. त्यात मोर बसणार नव्हता, गाडी बसणार नव्हती, पानसुद्धा बसणार नव्हतं.

"एवढीच?" ती म्हणाली.

"एवढीच."

"बरं."

चार दिवस तिनं गोधडी नुसती मांडीवर घेऊन काढली. मध्येच एखादी चिंधी ठेवायची, उचलायची. माझे दिवस मजेत चालले होते. मग एका दुपारी, मी शेंगा फोडत होते तेव्हा, तिनं गोधडी आणून माझ्यापुढे पसरली.

मधल्या जागेत तिनं जुन्या पंच्याच्या पांढऱ्या कापडाचं कोकरू लावलं होतं. निजलेलं. पाय पोटाशी घेतलेले, मान पाठीकडे वळवून नाक मागच्या पायात खुपसलेलं, त्यामुळे ते जवळजवळ गोलच होतं आणि त्या जागेत नेमकं मावलं होतं. एक कान तेवढा वर. शेजाऱ्यांच्या वाड्यात मी रोज तशी कोकरं बघत होते. आणि त्याच्या भोवती माझ्या रांगा, गोल, एकीबाहेर एक, काठापर्यंत गेलेल्या. कोकरू निजण्याआधी स्वतःभोवती फिरतं आणि गवत दाबत जातं. तसं ते गवत दिसत होतं. दीड हात लांब गोधडी सगळी त्या कोकराची जागा झाली होती.

मी शेंगांचे हात पुसले आणि कोकरावर तळहात ठेवला. हात होता तोवर माझ्या रांगा होत्या, बारीक आणि सारख्या. हात काढला की गवत.

"टोचतंय का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग? कसं झालंय अक्का?"

"बराबर झालंय," मी म्हणाले.

ती हसली आणि चहा टाकायला आत गेली. न्यायला माणूस यायचा होता म्हणून मी गोधडीची घडी घातली. कोकरू आतल्या बाजूला गेलं, वर माझा टाका आला. तो आल्यावर तशीच त्याच्या हातात दिली.