फुटक्या माठातलं बी

त्या सकाळी दारात आलेली मासळीची पाटी हिराबाईचीच होती, पण पाटीखालचा चेहरा दुसरा होता. "हिराबाई कुठाय?" मी विचारलं. तिची जाऊ पाटी उतरवत म्हणाली, "हिरा गेली, बाय. आठ दिस झालं. ताप व्हता." आणि पोटासाठी फिरणाऱ्या बाईने करायचं तेच तिने केलं, बोंबील दाखवू लागली. मी ते घेतलेही. त्याला आता महिना झाला. जे सांगायचं आहे ते तिच्या गावात, दांडीत, सांगण्याची सोय नाही आणि तिच्या घरी पेपर येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही साताऱ्याकडची माणसं. वीजकेंद्राच्या बांधकामावर ह्यांना नोकरी लागली म्हणून इकडे आलो. मासळीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. हिराबाईने शिकवलं. "घाटी बाय, मासा डोल्यांत बघून घेयाचा, नवऱ्यासारका," असं म्हणून स्वतःच हसायची. तिच्या लुगड्याचा पदर धरून चंद्री यायची, लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली एकुलती एक पोर. सात वर्षांची, आणि जिभेला हाड नाही.

ह्यांच्या परदेशी साहेबाने मायदेशी परतताना आम्हाला एक डबा दिला होता. चॉकलेटमध्ये घोळलेल्या कॉफीच्या बिया. आम्हाला त्या कडू लागल्या, म्हणून मी मूठभर चंद्रीच्या ओंजळीत घातल्या. चिकू खावा तशा तिने त्या खाल्ल्या, म्हणजे वरचं गोड चोखलं आणि आतली बी हातावर काढली. "अगं, ती चावायची असते," मी म्हटलं. "बी कोन खातं?" ती म्हणाली, आणि सगळ्या बिया तिने आईच्या पदराच्या गाठीत बांधल्या. दुसऱ्या दिवशी बातमी आली की फुटक्या माठात माती भरून त्या लावल्या आहेत. "झाडाला गोड गोल्या लागतील. तुला पन देईन." मी म्हटलं, "दे हं." त्या बिया भाजलेल्या असतात हे मला ठाऊक होतं. पोरीची मजा कशाला मोडा, एवढाच विचार केला...

श्रावणात चंद्री तापाने दोन दिवसांत गेली.

महिन्याभराने हिराबाई पुन्हा पाटी घेऊन आली. पदर धरायला कुणी नव्हतं. मासे निवडून झाल्यावर म्हणाली, "पोरीनं सांगून ठेवलंय, पानी घाल. रोज घालते. अजून नाय उगवला." मी म्हटलं, "वेळ लागतो." पुढे वर्षभर ती हेच सांगायची आणि मी हेच म्हणायचे. मग एके दिवशी ती उंबऱ्याशी बसली आणि स्वतःचे तळवे बघत बोलली, "माज्या हातालाच गुन नाय, बाय. पोर नाय राखली, नि बी पन उगवत नाय."

ते मला ऐकवलं नाही. मी म्हणाले, "तुझा काय दोष, हिराबाई? त्या बिया भाजलेल्या होत्या. भाजलेलं बी कधी उगवत नाही."

तिने तळव्यांवरून नजर उचलली. "तुला कवापासून ठावं हाय?"

"पहिल्या दिवसापासून."

तिने पाटी डोक्यावर घेतली. "चल, ऊन झालं," म्हणाली. त्यानंतर दीड वर्ष ती येत राहिली, पण झाडाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मी समजले, तिने माठ फेकून दिला असेल. मला सुटल्यासारखंसुद्धा वाटलं, हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

परवा दांडीला गेले. तिचा नवरा गोविंद ओट्यावर जाळं विणत बसला होता. त्याच्याजवळ तोच फुटका माठ होता आणि माती ओली होती. मी तिकडे बघते आहे हे त्याने पाहिलं.

"हिरा रोज पानी घाली. मी इचारी, कदी उगवंल गो? तर म्हने, बाय सांगते, येल लागतो. ताप चडला तवा पन मना सांगलान, पानी चुकवू नको." मग जाळं बाजूला ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. "लागतो ना, बाय?"

दीड वर्ष तिने त्याला सांगितलं नव्हतं. माझं खरं तिने एकटीने गिळलं होतं, आणि त्याच्यासमोर रोज पाणी घालत राहिली होती.

"लागतो," मी म्हणाले.

गोविंद उठला, आणि तांब्या भरायला आत गेला.